पाचाचे पंधरा करण्याआधी

मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र वाचलं. तुमच्या कंपनीचा पहिला मोबाइल गेम बरा चाललाय, आता पाच जणांचे पंधरा करायचे आणि दुसरा गेम लगेच हाती घ्यायचा, असा तुझा बेत दिसतो. माझं म्हणणं एवढंच, की माणसं आकड्यांच्या मागून घे, पुढून नको. पगार दर महिन्याला जातातच. गेमचा आलेख मात्र पहिल्या उसळीनंतर बहुधा खालीच येतो.

म्हणून आधी एक तक्ता कर. एकाच आठवड्यात गेम घेतलेल्यांचा एक गट धर आणि त्यातले शंभरातले किती जण दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं आणि महिन्यानं परत आले ते मांड. या धंद्यात 40, 20, 10 असा ठोकताळा सांगतात. तो प्रत्येक प्रकारच्या गेमला लागू पडत नाही, पण दुखणं कुठे आहे ते कळायला पुरतो. पहिला आकडा पडला असेल तर दोष सुरुवातीच्या दहा मिनिटांत शोध: लोडिंग लांबतंय, शिकवणी संपता संपत नाही, किंवा जाहिरातीत दाखवलेला खेळ आत सापडतच नाही. आठवड्याचा आकडा पडला तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी करण्यासारखं काही उरत नाही. महिन्याचा पडला तर लेव्हल संपल्या.

गट आवृत्तीनुसार, देशानुसार आणि खेळाडू कुठून आला त्यानुसार वेगळे ठेव. सगळे एकत्र केलेस तर स्वस्त जाहिरातीतून आलेली गर्दी सरासरी खाली खेचते आणि तुम्ही धडधाकट गेम दुरुस्त करत बसता. आणि छोट्या गटावर फार विसंबू नकोस. 300 खेळाडूंच्या गटात 40 टक्के दिसले, तरी खरा आकडा साधारण 35 ते 45 मध्ये कुठेही असू शकतो. दोन टक्क्यांच्या फरकावरून मीटिंगमध्ये भांडणाऱ्यांना हे आधी सांग.

हे सगळं सॉफ्ट लॉन्चमध्येच कळायला हवं, म्हणजे एक-दोन देशांत गुपचूप उतरवून. सुपरसेल या फिनलंडच्या गेम कंपनीनं ब्रॉल स्टार्स जून 2017 मध्ये असा उतरवला आणि जगभर खुला केला डिसेंबर 2018 मध्ये. मधल्या दीड वर्षात उभा धरून खेळायचा गेम आडवा करण्यापर्यंत बदल झाले. याच कंपनीनं 2010 मध्ये स्थापना झाल्यावर पहिला गेम ब्राउझरसाठी केला होता. तो बंद करून त्यांनी मोबाइलकडे मोर्चा वळवला, आणि 2012 मध्ये ‘हे डे’ आणि ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ हे गेम आले. रोव्हिओ या दुसऱ्या गेम कंपनीची गोष्ट तर सगळे सांगतात: 2009 चा अँग्री बर्ड्स हा त्यांचा 52वा गेम. लोक त्यातून चिकाटीचा धडा काढतात. मला त्यात हिशेब दिसतो, कारण एकेक गेम स्वस्तात केला तरच 52व्यापर्यंत पोचता येतं. तेव्हा दुसरा गेम सुरू करण्याच्या दिवशीच, कोणत्या आकड्याखाली तो बंद करायचा ते कागदावर लिहून ठेव. सहा महिन्यांनी विचारशील तर कोणीच बंद करू म्हणणार नाही.

आता पैसा. खरी फसगत इथे होते. एक खेळाडू जाहिरातीतून आणायला समजा 1 डॉलर पडला आणि स्टोअरचा वाटा वजा जाता त्यानं 1.30 डॉलर दिले, तर हिशेब फायद्याचा दिसतो. पण ते 1.30 किती दिवसांत आले? 180 दिवस लागत असतील, तर रोज 1,000 डॉलर जाहिरातीत घालणाऱ्या कंपनीला बराच काळ आपल्याच गंगाजळीतून खर्च भागवावा लागतो. त्यात पैसे हातात पडायला वेळ लागतो तो वेगळाच: अ‍ॅपल आर्थिक महिना संपल्यावर 45 दिवसांच्या आत देतं, गूगल साधारण पुढच्या महिन्याच्या 15 तारखेला, आणि गेममध्ये दाखवलेल्या जाहिरातींचे पैसे जाहिरात नेटवर्क अनेकदा 30 किंवा 60 दिवसांनी. तू केलेल्या जाहिरातीचं बिल मात्र लगेच येतं. वाढ जितकी जोरात, तितका हा खड्डा खोल. चांगले आकडे असलेल्या कंपन्याही यात पडतात. तेव्हा नफ्याच्या तक्त्याशेजारी रोख रकमेचा आठवडावार तक्ता ठेव.

अ‍ॅपलच्या स्टोअरचा नेहमीचा वाटा बहुतेक देशांत 30 टक्के. वर्षाला 10 लाख डॉलरच्या आत असलेल्यांना अ‍ॅपल जानेवारी 2021 पासून 15 टक्के लावतं, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि वर्षाच्या मध्ये मर्यादा ओलांडली की उरलेल्या वर्षाला पुन्हा 30. पुढच्या वर्षाचा अंदाज बांधताना हे विसरतात. शिवाय एप्रिल 2021 मध्ये आयफोनची आयओएस 14.5 ही प्रणाली आल्यापासून खेळाडूचा माग काढायला त्याची परवानगी लागते, त्यामुळे कोणत्या जाहिरातीनं कोण आणला ते आता धूसरच दिसतं. जाहिरातीचा खर्च एकदम दुप्पट करू नकोस. पायरी पायरीनं वाढव आणि प्रत्येक पायरीवर एकूण उत्पन्न खरंच हललं का ते बघ.

माणसांचं सांगतो. पाच जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या 10 होतात, पंधरांत 105. म्हणून पंधरांचा एकच गट नको. गेमवार दोन लहान गट कर आणि प्रत्येकात शेवटचा शब्द एकाचा ठेव. सहावा माणूस टेस्टर घे, स्वस्त फोनांच्या ढिगासकट. सातवा आकडे वाचणारा. चुकीची चाल अशी, की सगळ्यात चांगले प्रोग्रामर नव्या गेमवर हलवायचे आणि चालता गेम नवख्यांकडे द्यायचा. पगार चालता गेमच देतोय! त्याला सतत नवं खाद्य लागतं. डिझायनरनं आठवडाभर घासलेल्या लेव्हल खेळाडू तासाभरात संपवतो. म्हणून रोज हातानं बनवण्यापेक्षा लेव्हल बनवायचं साधन चांगलं करण्यात पैसे घाल.

आणि कोड. पाच जणांत जे डोक्यात असतं ते पंधरांत फुटतं. बिल्ड, म्हणजे कोडपासून फोनवर चालणारा गेम तयार करणं, कोणाच्या लॅपटॉपवर नको, वेगळ्या मशीनवर आपोआप व्हायला हवं. साइनिंग की, म्हणजे अपडेट आपलंच आहे हे सिद्ध करणारी डिजिटल किल्ली, दोन सुरक्षित ठिकाणी. प्रत्येक सेव्ह फाइलमध्ये आवृत्तीचा क्रमांक, नाहीतर वर्षभरानं परतलेल्या खेळाडूची प्रगती पुसली जाते. वेळ सर्व्हरची घे. फोनचं घड्याळ पुढे करून बक्षिसं लुटणारे पहिल्याच दिवशी येतात.

मेमरीत चित्रंच जास्त खातात. 2048 × 2048 चं एक चित्र विनासंपीडन 16 एमबी घेतं. एएसटीसी या चित्र दाबून लहान करण्याच्या पद्धतीत 4 × 4 च्या ठोकळ्यांनी तेच 4 एमबी, 8 × 8 च्या ठोकळ्यांनी 1. पार्श्वभूमीला 8 × 8 चालतं, बारीक अक्षरं असलेल्या चित्राला नाही. वेग मोजायचा तो वीस मिनिटं खेळल्यावर, कारण फोन तापला की प्रोसेसर स्वतःच मंदावतो. सेकंदाला 60 फ्रेम हव्या तर प्रत्येकीला 16.6 मिलिसेकंद मिळतात, पण काम 11 च्या आसपास बसव. गूगल प्लेवर खेळणाऱ्याला जाणवणारे क्रॅश 1.09 टक्क्यांवर आणि अडकणं 0.47 टक्क्यांवर गेलं की गेम शोधात मागे पडू शकतो.

भाषांतराचं थोडक्यात: जर्मन मजकूर बटणाबाहेर जातो, आणि आपली जोडाक्षरं व पहिली वेलांटी अनेक गेम इंजिनांच्या नेहमीच्या टेक्स्ट व्यवस्थेत मोडतात. हे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस.

अपडेट टप्प्याटप्प्यानं सोड. अ‍ॅपलचे सात दिवस ठरलेले आहेत: 1, 2, 5, 10, 20, 50, 100 टक्के. अँड्रॉइडवर टक्का तू ठरवतोस. मात्र थांबवलंस म्हणजे मागे घेतलंस असं नाही: ज्यांच्याकडे बिघडलेली आवृत्ती पोचली त्यांना नवी, वरच्या क्रमांकाची आवृत्तीच द्यावी लागते. म्हणून धोक्याचं प्रत्येक नवं वैशिष्ट्य सर्व्हरवरून बंद करता येईल असं ठेव, आणि शुक्रवारी संध्याकाळी काहीही सोडू नका.

माणसांच्या मुलाखती सुरू करण्याआधी गेल्या आठ आठवड्यांचे खेळाडूंचे गट, आवृत्तीनुसार वेगळे, आणि रोख रकमेचा तक्ता एवढं पाठव. इन्स्टॉलची एकूण बेरीज नको, तिच्यावरून काही सांगता येत नाही.

तुझाच,
मित्र