मुलं किती, असं कुणी विचारलं तर

नाशिक
10 ऑगस्ट 2025

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

काल राखीपौर्णिमा झाली. बाजारात दोनदा राख्यांच्या स्टॉलवरून तशीच पुढे गेले आणि तिसऱ्यांदा एक राखी घेऊन आले. ती आता देवघरात आहे. तुम्हाला फोन करायचा होता, पण फोनवर आपण तिघंही 'बरं आहे' म्हणतो, पावसाचं बोलतो आणि ठेवून देतो. म्हणून कागद घेतला.

आई, मागे एकदा तू बोलता बोलता सांगून गेलीस. शेजारी नवीन राहायला आलेल्या बाईंनी विचारलं, 'मुलं किती तुम्हाला?' आणि तू म्हणालीस, 'एक. मुलगी आहे, नाशिकला असते.' मग रात्रभर तुला वाटत राहिलं, आपणच त्याला पुसून टाकलं. मी काहीच बोलले नाही. कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. शिट्टी झाली नव्हती, आई. मला रडू येत होतं आणि ते तुला ऐकू जाऊ द्यायचं नव्हतं.

तू काही पुसलं नाहीस गं. दारात उभ्या असलेल्या परक्या बाईला एका दमात काय काय सांगायचं? पण पुन्हा कुणी विचारलं आणि तुला सांगावंसं वाटलं, तर सांग, 'दोन. थोरला गेला.' समोरच्याला काय बोलावं सुचणार नाही, तो विषय बदलेल. बदलू दे. त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तू दादाला लपवायचं, हे मला नको आहे. गल्लीतले लोक त्याचं नाव घेत नाहीत ते तुला त्रास नको म्हणून, हे मला कळतं. पण तुझ्या तोंडून ते निघालं की त्यांनाही धीर येईल, असं वाटतं. त्याच्या मित्रांकडे सांगण्यासारखं खूप आहे. ते दारापर्यंत येऊन परत जातात.

आणखी एक. तेराव्याच्या आदल्या रात्री तुझ्या छातीत दुखलं, आपण तुला दवाखान्यात नेलं, अँजिओग्राफीत एकही ब्लॉक सापडला नाही. 'टेन्शन घेतलंन, दुसरं काय' असं घरात सगळे म्हणाले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं, ते मी तुला नीट कधी सांगितलंच नाही. मोठ्या धक्क्यानंतर अंगात अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्यं एकदम वाढतात आणि हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगतो. जपानी डॉक्टरांनी 1990 मध्ये याला 'टाकोत्सुबो' नाव दिलं. तिकडे ऑक्टोपस पकडायला मडकं वापरतात, त्या कप्प्याचा आकार तसाच दिसतो म्हणून. पाळी गेलेल्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं. तुझं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत झालं. पण त्या रात्री ते खरंच दुखावलेलं होतं, फोटोत दिसत होतं. तुला कुणी 'मनाला लावून घेतेस' म्हणालं की मला तो फोटो त्यांच्यापुढे धरावासा वाटतो.

बाबा, आता तुमच्याशी. दहाव्याला नदीवर पिंड ठेवून झाल्यावर तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, 'दशरथ सुटला, मी राहिलो.' त्यानंतर या विषयावर तुम्ही एक शब्द काढलेला नाही. नातेवाइकांपैकी कुणीतरी तुम्हाला लोकमान्यांचं उदाहरण दिलं, 1903 च्या प्लेगमध्ये थोरला विश्वनाथ गेला तरी ते काम करत राहिले म्हणून. तुम्ही मान डोलावलीत. मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो. टिळकांना घरात, रात्री काय झालं असेल ते कुणी पाहिलंय?

2021 च्या 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा पाणी ओसरल्यावर तुम्ही म्हणाला होतात, 'आधी चिखल काढू, रडायचं नंतर.' दादाने आणि तुम्ही घमेली भरून भरून चिखल काढला. तुम्ही आताही तेच करताय. पंप दुरुस्त केलात, फाटक रंगवलंत, माळा आवरलात. आईला वाटतं, हे विसरले. आई, नाही गं. पाणी कुठवर चढलं ते दाखवायला दादाने भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली होती ना? गेल्या दिवाळीत बाबांनी ती भिंत रंगवली, तेव्हा रेघेच्या वरून-खालून ब्रश फिरवला. वीतभर पट्टा जुन्याच रंगाचा ठेवलाय. कपाटाच्या आड आहे, वाकून बघ.

स्ट्रोब आणि शूट या नेदरलँड्समधल्या दोन अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडलं की दुःखातलं माणूस झोक्यासारखं हेलकावत असतं. कधी आठवणीत बुडतं, कधी कामात शिरतं, आणि दोन्ही लागतं. हे वाचताना मला तुम्ही दोघं दिसलात. आई एका टोकाला, बाबा दुसऱ्या. एकाच झोक्यावर, पण एकमेकांकडे पाठ करून.

बाबा, रात्री तीनला उठून तुम्ही ओटीवर बसता, हे मला आईने नाही, तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपने सांगितलं. दीड वर्ष झालं. वजन उतरलंय. 14416 हा टेली-मानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. घरातल्या माणसाशी बोलणं तुम्हाला जमत नसेल तर तिथे बोला. वेड लागलेल्यांसाठीच असतं असलं काही, असं म्हणू नका. मी स्वतः जूनमध्ये फोन केला होता. पहिली पाच मिनिटं नुसती रडले, पलीकडची बाई थांबून राहिली.

हो, मलाही होतं. हे तुम्हाला सांगत नव्हते, कारण आता आपण एकटीच उरलोय, आपण घट्ट राहायला हवं, असं मी ठरवून टाकलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. मला ते जमत नाहीये. माझा भाऊ गेलाय आणि त्याच्याबद्दल बोलायला माझ्याकडे तुम्हा दोघांशिवाय कुणी नाही. लहानपणीचा दादा फक्त आपल्या तिघांनाच माहीत आहे.

27 तारखेला चतुर्थी आहे. बाबा म्हणाले, यंदाही नको आणूया गणपती. तुमची इच्छा नसेल तर मी आग्रह करणार नाही. पण मखराची भीती असेल, तर मी 24 लाच येते. दादासारखं मखर मला जमणार नाही. त्याने बांबूच्या कामट्या बांधून केलेला सांगाडा माळ्यावर असेल, तो बघू. बाबांनी माळा आवरताना टाकला नसणार, याची मला खात्री आहे. मोदकांचं सारण तू कर, पाकळ्या मी काढते, वाकड्या झाल्या तर झाल्या.

राखी बरोबर घेऊन येते. तिचं काय करायचं ते तिघं मिळून ठरवू.

तुमची
धाकटी