उशीतली मोहरी फोडणीत गेली, रागावू नकोस

श्टुटगार्ट, जर्मनी
6 जुलै, पहाटेचे सव्वातीन

प्रिय छोटी,

काल व्हिडिओ कॉल लागल्या लागल्या तू पहिलं वाक्य काय बोललीस आठवतंय ना, बाळ कसंय नाही, लेक कशीय नाही, "ताई, अगं केस किती पांढरे झाले तुझे!" आणि मागून ह्यांचा हसण्याचा आवाज, म्हणजे हे पण तुझ्याकडेच जेवायला होते. म्हणून हे सविस्तर टाईप करतेय, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

केस पांढरे झाले नाहीत, होतेच. वीस वर्षं दर तिसऱ्या रविवारी मोरीत बसून जुन्या टूथब्रशने जो उद्योग चालायचा तो बंद केलाय एवढंच. हे पोर दिवसरात्र माझ्या मानेत नाक खुपसून पडलेलं असतं, त्याच्या नाकाशी तो वास कशाला. आता भांगात दोन बोटं पांढरा पट्टा आलाय आणि खाली तपकिरी, आरशात बघितलं की आपल्या मिरजेच्या वाड्याची अर्धवट रंगवलेली भिंत आठवते. पण खरं सांगू, तिसऱ्या आठवड्यापासून आरशात बघितलंच नाही.

आता मुद्द्याचं. तू स्वतःच्या हाताने शिवलेली मोहरीची उशी, तिचं काय झालं ते सांगायचं राहिलंय, रागावू नकोस.

इथे बाळंतिणीच्या घरी हेबामे येते, म्हणजे सुईणच, पण रीतसर शिकलेली, पहिले दहा दिवस रोज घरी आणि मग बाळ बारा आठवड्यांचं होईपर्यंत लागेल तशी, पैसे विम्यातून. मला वाटलं कुणी पोरगी येईल, तर आली माझ्याच वयाची, डोक्यावर माझ्यापेक्षा पांढरे केस, बॅटरीच्या सायकलवरून, आणि तीन मजले (लिफ्ट नाही) अशी चढून आली की मी दारातच गुडघ्यावरचा हात काढून घेतला. पिशवीतून काढला काय तर स्प्रिंगचा काटा! बाळाला फडक्यात गुंडाळलं, फडकं हुकला अडकवलं आणि आपल्या आठवडी बाजारात कांदे उचलून धरतात तसं दोन सेकंद उचलून धरलं. माझा जीव अर्धा झाला, बाळ मात्र गाढ झोपेत.

मग तिची नजर गेली तुझ्या उशीवर. उचलली, दाबली, कानाशी नेऊन हलवून बघितली, खसखस आवाज आला तशी लेकीला विचारते हे काय. मी तोऱ्यात सांगितलं की डोकं गोल होतं, लेकीने जर्मनमधे सांगितलं, ती बाई हसली आणि उशी माझ्या हातात परत. उशी नको, पांघरूण नको, बाळ पाठीवर झोपवायचं, अंगात बिनबाह्यांच्या पिशवीसारखं झबलं असतं तेवढंच. मध वर्षभर चाटवायचा नाही. आणि अंघोळ आठवड्यातून दोनदा पुरे म्हणाली! छोटी, मी तेल कोमट करून पाटावर पाय पसरून बसलेली, माझी तयारी झालेली, आणि ही म्हणते दोनदा. पाचवीची पूजा, शेगडीची धुरी, वेखंड, सगळं डोक्यात घेऊन मी तज्ज्ञ म्हणून इथे आले होते आणि दहाव्या मिनिटाला मला रिटायर केलं. दोन दिवस तोंड पाडून बसले होते, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी तिने लेकीला चहा सांगितला दूध येण्यासाठी, बडीशेप, अनीस आणि शहाजिऱ्यासारखं काहीतरी. मी उठले, बॅगेतून बाळंतशेपेची डबी आणली आणि तिच्या नाकाखाली धरली. तिने हुंगलं, "डिल! डिल!" म्हणाली, म्हणजे शेपाच, आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की कवळी हलली. आपण बेंबीभोवती हिंग लावतो, ती म्हणते शहाजिऱ्याच्या तेलाने पोट चोळा, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. आपण तव्यावर पुरचुंडी गरम करून शेकतो, त्यांच्याकडे चेरीच्या बियांची उशी असते, ओव्हनमधे गरम करायची आणि आधी आपल्या गालाला लावून बघायची. म्हणजे तिची आजी आणि आपली आजी एकाच शाळेतल्या, पण मोहरीची उशी काही पास झाली नाही. ती मोहरी मी उकलून बरणीत भरली, गेल्या महिन्याभराच्या सगळ्या आमट्या तिच्यावरच झाल्यात. चांगली तडतडते, कुठून आणलेलीस?

मग माझं काम काय राहिलं? लेकीला आठ आठवडे भरपगारी सुट्टी, जावई दोन महिने रजा घेऊन घरात, दुपटी धुतो, डायपर बदलतो, ढेकर काढतो. ह्यांना सांग, तुम्ही आपल्या पोरीचा लंगोट आयुष्यात एकदा बदललात, 1991 साली, तो पण उलटा. तर मला उरली रात्रपाळी. मला तसंही साठीनंतर तीनला जाग येते, तिथे मी पंखा बघत पडायचे, इथे तीनला हे उठतं, पाजून झालं की लेक मेल्यासारखी झोपते आणि आम्ही दोघं खिडकीत. दोघांनाही दात नाहीत, माझे ग्लासात असतात, दोघांनाही झोप नाही, दोघांच्याही पोटात गॅस. तो मला काही शिकवत नाही मी त्याला काही शिकवत नाही. इथे तीन म्हणजे तिथे साडेसहा, ह्यांचा चहा उकळत असतो तेव्हा फोन लावते, हे कुजबुजत बोलतात, तिकडे कोण झोपलंय काय माहीत!

इथे आजीला ओमा म्हणतात. मिरजेत भाजीवाल्याने पहिल्यांदा "आजी, मेथी घ्या" म्हटलं तेव्हा मी मेथी न घेता पुढे गेले होते, तुला माहितीच आहे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा मला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला असेल तर वय सांगावं लागत नाही याचा. आणि आता खालच्या मजल्यावरची बाई जिन्यातून "ओमा!" अशी हाक मारते तर मी आधी मागे वळून बघायचे, आता "या या" म्हणून टाकते. इथे "या" म्हणजे हो, त्यामुळे माझं अर्धं जर्मन आपोआप बरोबर येतं.

त्या बाईचं वय एकोणऐंशी. पाण्याचं क्रेट स्वतः वर नेते. ह्या गावात एक केरवोखे नावाचा प्रकार आहे, केरच म्हणजे अगदी, ज्याच्या दारावर पाटी लटकवतील त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा पुसायचा. आमच्या दारावर पाटी आली तेव्हा लेक जावई अर्धमेले झोपेने, म्हणून मी पदर खोचला. शेवटच्या पायरीवर रांगोळीची चार बोटं ओढणार होते तेवढ्यात ती आली, कोपऱ्यात बोट फिरवून धूळ बघितली आणि मान डोलावली. आपल्या सासूबाईंनी पंचवीस वर्षांत इतकी मान डोलावली नव्हती.

एवढंच की गाव सगळं चढउताराचं, चारशेच्या वर पायऱ्यांच्या वाटा आहेत म्हणे इथे, उतरताना गुडघा नुसता बोंबलतो. बाबागाडी असली की बसने जातो. बस स्टॉपला लागली की फूस्स करून दाराच्या बाजूने खाली झुकते, गाडी ढकलायला सोपं जावं म्हणून. जावई म्हणाला, आई, बघा बस पण गुडघ्यात वाकते. म्हटलं वाकते बाबा, आणि परत उठते पण.

व्हिसा नव्वद दिवसांचाच, 11 ऑगस्टला निघायचं आहे. त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही. ह्यांची बीपीची गोळी रात्रीची आहे, सकाळची नाही, डबीवर चिठ्ठी आहे तरी विचार.

आणि तुझा अभ्रा वाया नाही गेला. सध्या चेरीचे दिवस आहेत, आम्ही किलोकिलोने खातोय, बिया मी गोळा केल्या, उकळल्या, बाल्कनीत चार दिवस वाळवल्या आणि तुझ्या अभ्ऱ्यात भरून तोंड शिवून टाकलं, तुझ्यासारखी बारीक टीप नाही आली. रोज रात्री गरम करून घेते. बाळाला नाही गं, माझ्या डाव्या गुडघ्याला.

तुझी,
ताई (ओमा)