सुमे, तुझी निळी डायरी शोध

मुंबई,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुमे,

फोनच करणार होते. पण फोनवर तू एकीकडे भाजी चिरत "बरं, मग पुढे?" म्हणत राहतेस आणि मला शेवट आधी सांगावा लागतो. हे प्रकरण तसं सांगण्यातलं नाही. तब्येत ठीक आहे. पाठ धरते, पण मायक्रोस्कोपवर बसणाऱ्या कोणाची धरत नाही? आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. बाकी क्षेम.

तर ऐक. शिवडीच्या चिखलात आपण नमुने काढायचो ना, त्यातल्या स्टेशन चारची बरणी सापडली.

कुठली ते तुला सांगायला नको. तीच, झाकणावर तू नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होतास ती. मागच्या खोलीत, खिडकीखालच्या रॅकवर, सरांच्या जुन्या थिसिसांच्या गठ्ठ्यामागे उभी होती. स्पिरिट निम्म्यावर आलं होतं, पण किडा पूर्ण बुडालेला. अख्खा, डोक्यासकट. आत तुझं ट्रेसिंग पेपरचं लेबल, पेन्सिलीने लिहिलेलं, अजून स्वच्छ वाचता येतं. मी खाली फरशीवर बसले आणि बराच वेळ नुसती बघत राहिले. लॅबमध्ये हे कोणाला सांगणार? नव्या मुलांना ती एक धुळीची बरणी. सरांना फोन केला तर ते रडतील, आणि त्यांच्या बीपीसाठी ते बरं नाही.

पण ती सापडली कशी, ते ऐकून तुझा जीव जाईल. आमच्याकडे सेफ्टी ऑडिट झालं. त्यानंतर पत्रक निघालं: जुने जैविक नमुने, विशेषतः फॉर्मॅलिनमधले, महिनाअखेर हलवायचे. धोकादायक कचरा नेणारी गाडी येणार. मला यादी करायला दिली आहे, आणि तिच्यात शेवटचा रकाना आहे: 'वापरात / बिनवापरात'. ज्याच्यापुढे मी 'बिनवापरात' लिहीन ते गेलं. खाली सही माझी.

ऑडिटवाल्यांचं सगळंच चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. त्या खोलीत एक्झॉस्ट नाही, दार उघडलं की डोळ्यांतून पाणी येतं. फॉर्मॅलिनमधल्या फॉर्माल्डिहाइडने कॅन्सर होतो हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच स्पष्ट केलंय. जाधवमामा बिचारे वर्षानुवर्षं नाकाला रुमाल लावून तिथे झाडू मारतात. फॉर्मॅलिन जायलाच हवं. पण फॉर्मॅलिन जायला हवं म्हणजे प्राणीही जायला हवेत, हे कुठून आलं? नमुना पाण्याने धुवायचा आणि ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचा, हे एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात शिकवतात. अडचण एवढीच की त्याला माणसं लागतात, वेळ लागतो आणि अल्कोहोल लागतं. आणि अल्कोहोल म्हणजे उत्पादन शुल्क खात्याचा परवाना, कोटा, रजिस्टर, प्रत्येक लिटरचा हिशेब. कोटा संपत आलाय. मी पत्र दिलंय. "बघू" असं उत्तर आलंय.

सगळ्यात लागलं ते वेगळंच. आमच्याकडे एक नवी मुलगी आलीय, हुशार आहे, पाण्यातल्या डीएनएवर काम करते. बाटलीभर पाणी गाळून घेते आणि कोण कोण तिथून गेलं ते सांगते. मला तिचं काम मनापासून आवडतं. ती सहज म्हणाली, "मॅडम, रिपोर्टमध्ये आकडे आहेतच ना, मग बरण्या कशाला?" मी तिला माझ्या शेजारी बसवलं. म्हटलं, तळाचा चिखल उचलतो त्या ग्रॅबचं तोंड किती? ०.०४ चौरस मीटर. रिपोर्टमध्ये आपण चौरस मीटरला आकडा देतो, म्हणजे पंचवीसने गुणतो. चिखलात सापडतो एक, कागदावर होतात पंचवीस. त्या एकाचं नाव चुकलं तर पंचवीसांचं चुकलं. आकडा कोणी परत तपासू शकत नाही, किडा तपासू शकतो. आणि तुझ्या पाण्यातल्या डीएनएचा तुकडा तू कशाशी जुळवणार? कोणीतरी नीट ओळखलेल्या, नीट ठेवलेल्या प्राण्याशीच ना? तो प्राणी बरणीत असतो. ती गप्प झाली, आणि दुसऱ्या दिवशी ग्लोव्ह्ज घालून रॅक पुसायला आली. तुला आवडेल ती. तुझ्यासारखीच बोटीवर चढायच्या आधी अर्धी मेलेली असते. तू निदान धक्क्यावर परत आलीस की तळलेले बोंबील खाऊन जिवंत व्हायचीस, हिला तेही चालत नाहीत.

आता आपलं भांडण. तू म्हणशील विसरले मी, तर विसरलेले नाही. तुझं म्हणणं, बरणीतला हा किडा मार्फिसा सँग्विनिया जातीचा असूच शकत नाही. ती जात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावरून वर्णन केलेली; तिथल्या थंड पाण्यातला जीव शिवडीच्या कढत चिखलात कसा राहील? माझं म्हणणं, भारतातल्या अशा किड्यांवरच्या फोव्हेलच्या १९५३च्या पुस्तकात बसतंय तेच लिहायचं. पुरावा नसताना मनाने नवं नाव द्यायचं नाही. तू मला "कारकून" म्हणालीस. मी तुला "कवयित्री" म्हणाले. सरांनी 'मार्फिसा एसपी.', म्हणजे जात नक्की नाही, असं लिहून दोघींना चहा प्यायला हाकललं आणि दोघी वेगवेगळ्या टपऱ्यांवर गेलो.

सुमे, मी अजूनही म्हणते की पुराव्याशिवाय नाव देऊ नये. पण त्यानंतर जगभरात या सँग्विनियाचं काय झालं ते तू ऐकायला हवंस. जिथे जिथे तो 'सापडतो' असं आपण पुस्तकात वाचायचो, त्यातल्या कितीतरी ठिकाणचे किडे वेगळे निघाले. अंगावरचे कंगव्यासारखे ताठ केस, दृढरोम, वेगळे, गिल्स सुरू होतात तो शरीराचा खंड वेगळा, डीएनए वेगळा. चिखलातल्या दुसऱ्या किड्याचं, कॅपिटेला कॅपिटाटाचंही तेच. अमेरिकेत १९७६ सालीच दाखवून दिलं होतं की एका नावाखाली निदान सहा जाती दडल्या आहेत. आणि आपण अजून भारताच्या प्रत्येक खाडीच्या यादीत तेच एक नाव लिहितो, 'प्रदूषणाचा निदर्शक' म्हणून. कोणाचा निदर्शक? कुठल्या जातीचा? यादी लिहिणाऱ्याने तो किडा ठेवला असेल तरच विचारता येईल.

आणि आपली ही बरणी स्पिरिटमधली आहे! त्या दिवशी तू हट्टाने एक नमुना फॉर्मॅलिनऐवजी स्पिरिटमध्ये घातलास. लॅबचं स्पिरिट उधळलंस म्हणून सर केवढे ओरडले होते. तांडेलमामा मध्ये पडले, म्हणाले, "जाऊ द्या हो सर, पोरगीने पिलं तर नाही ना." फॉर्मॅलिनमध्ये डीएनएची वाट लागते. रॅकवर इतक्या बरण्या आहेत, पण शिवडीच्या चिखलातला, अख्खा, स्पिरिटमधला मार्फिसा हा एकच. तुझा हट्ट.

तिथे परत जाऊन दुसरा आणता येईल असं कोणी म्हणेल. मी गेल्या महिन्यात त्या पुलावरून गेले. शिवडीपासून न्हावाशेव्याकडे जाणारा, २१.८ किलोमीटरचा. २०१८ मध्ये काम सुरू झालं आणि २०२४च्या जानेवारीत उघडला. गाडी थांबवता येत नाही. मी खिडकीला नाक लावून आपली स्टेशनं शोधत होते. दुसरं कळलं, तिसरं बहुधा कळलं. चौथ्याच्या जवळपास खांब आहेत. ओहोटी होती, लांबवर रोहित दिसत होते, आणि पर्यटक फोटो काढत होते. चिखल अजून आहे गं, मी असं म्हणत नाही की सगळं संपलं. तुतवार उतरतात, निवट्या उड्या मारतात, त्या अर्थी खाली त्यांना खायला कोणीतरी आहे. पण पुलाआधी तिथे कोण राहत होतं, हे आता चिखल सांगणार नाही. ते बरणीतच आहे.

म्हणून मी ठरवलंय. 'बिनवापरात' रकाना मी भरणार नाही. यादीबरोबर दुसरा कागद जोडणार: कुठला नमुना अल्कोहोलमध्ये हलवायचा, कुठला खरोखर खराब झाला म्हणून जाऊ द्यायचा, कुठला दुसऱ्या संग्रहात पाठवायचा. जैवविविधता कायद्याखाली नेमलेल्या भांडारांपैकी एका ठिकाणी मी बोलले. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, घेऊ, पण माहिती पूर्ण हवी: ठिकाण, तारीख, खोली, कशाने काढला, कोणी काढला. त्याशिवाय संग्रहात ठेवून उपयोग नाही. बरोबरच आहे त्यांचं.

आणि लेबलवर काय आहे? 'स्टे. ४ / ब / ३'. बास. कारण वळणदार अक्षरात सविस्तर लिहायला बोटीवर जागा नव्हती, सगळं तुझ्या निळ्या डायरीत होतं. जीपीएसचे आकडे, पाण्याची क्षारता, चाळणीत काय उरलं, सगळं. ती डायरी तू पीएच.डी. सोडलीस तेव्हा घेऊन गेलीस. त्यावरूनही आपण भांडलो होतो, पण ते आता नको.

काकू म्हणाल्या होत्या की तुझं कॉलेजचं सामान चिपळूणच्या घरी माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत आहे. मग मला २२ जुलै २०२१ आठवला आणि पोटात गोळा आला. तुमच्या घरात पाणी कुठपर्यंत चढलं होतं? ट्रंक तेव्हा माळ्यावर होती का खाली? काकूंना विचारायचं धाडस मला होत नाही. त्या पुरात त्यांचं एवढं गेलं आणि मी किड्याची डायरी विचारायची. तू विचार. तुझ्यावर रागावल्या तरी जेवायला वाढतील.

मिळाली तर घाईत उघडू नकोस. पानं चिकटली असतील तर ओढू नकोस, तशीच कोरड्या कापडात गुंडाळून स्पीड पोस्टने पाठव. सुटी असतील तर आधी दिवसाच्या उजेडात प्रत्येक पानाचा फोटो काढ. आपण पेन्सिलीने लिहायचो, म्हणून मला आशा आहे. शाई असती तर ओली झाल्यावर काही उरलं नसतं.

तुझं कसं चाललंय? बँकेतली बदली टळली का? इराची दहावी, म्हणजे तुझीच दहावी. तिला गणित महेशकडूनच शिकू दे, तू ओरडतेस. नागपूरचा उन्हाळा सोसतेस याचं मला खरंच कौतुक आहे. समुद्रापासून इतकं लांब घर शोधायचं म्हणजे तुझं आणि बोटीचं वैर किती खोल गेलंय ते कळतं. मे महिन्यात चिपळूणला येणार असशील तर मुंबईवरून ये. बरणी मी माझ्या टेबलावर, कुलपात ठेवलीय. दोघी मिळून मायक्रोस्कोपखाली बघू, आणि डीएनएसाठी तुकडा कापायचा तर तो तूच काप. तोपर्यंत मी त्याला हात लावणार नाही.

महेशला नमस्कार, काकूंनाही. इराला लाड.

तुझी,
अर्चू

ता.क. डायरीच्या मागच्या पानांवर आपला वडापाव-चहाचा हिशेब आहे, तारखांसकट. कुठल्या दिवशी बोट गेली ते पुढच्या पानांवरून कळलं नाही तर त्यावरून कळेल. तीही पानं पाठव, तू माझे पैसे देणं लागतेस ते दिसलं तरी.