कालनिर्णयवर बोट ठेवून दिवस मोजणाऱ्या वहिनींना

प्रिय वहिनी,

हे तुम्हाला एकटीला पाठवलं असतं तर "इश्श, एवढ्यासाठी आभार कसले" म्हणून उडवून लावलं असतंत. म्हणून चारचौघांत लिहितोय.

त्या शुक्रवारी आम्ही टॅम्पाला तुमच्याकडे आलो ते खरं तर फुशारकी मारायला. आदल्या आठवड्यात, गुरुवारी, पार्कची तिकिटं फुकट मिळतात म्हणून ऑर्लँडोत एका रिसॉर्टच्या प्रेझेंटेशनला बसलो होतो. दीड तास म्हणाले होते. पाच तासांनी बाहेर पडलो ते २३,००० डॉलरच्या टाइमशेअरवर, म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी काही दिवस राहण्याच्या हक्कावर, सह्या करून. वर साडेसोळा टक्क्यांचं कर्ज. "फक्त आजचा भाव" मी कसा पदरात पाडून घेतला ते रंगवून सांगत होतो. तुम्ही पोह्यांची बशी बाजूला सारलीत, चष्मा चढवलात आणि एवढंच विचारलंत, "सही कोणत्या तारखेला केलीत?"

मग फ्रीजशेजारच्या कालनिर्णयवर बोट ठेवून दिवस मोजलेत. फ्लोरिडात सही केल्यापासून, किंवा शेवटचा कागद हाती आल्यापासून, दहा दिवसांत करार लेखी कळवून रद्द करता येतो. हे आमच्याच फाइलीत छापलेलं होतं. आम्ही त्या पानापर्यंत पोचलोच नव्हतो. दहावा दिवस रविवारी येत होता, पोस्ट बंद. म्हणजे हातात उरली शनिवारची सकाळ. मजकूर तुम्हीच सांगितलात, चार ओळी, करार क्रमांक आणि दोघांच्या सह्या. "कारणबिरण लिहू नका, गोड बोलून पुन्हा बसवतील." सर्टिफाइड मेलचं हिरवं कार्ड, म्हणजे पोचपावती, सही होऊन परत आलं, मागोमाग पैसेही.

पण आभार त्याहून पुढच्या गोष्टीचे आहेत. "टाइमशेअर म्हणजे लुबाडणूक" असं म्हणून तुम्ही विषय संपवला नाहीत. तुमचा स्वतःचा डिस्नेचा आहे, तोही थेट कंपनीकडून घेतलेला, आणि त्याचा पश्चात्ताप नाही हेही लपवलं नाहीत. वर्षभराने आम्ही पुन्हा विचारात पडलो तेव्हा वाण्याच्या पावतीच्या मागे पेन्सिलीने हिशेब मांडलात. डिस्नेच्या साराटोगा स्प्रिंग्ज रिसॉर्टचे १५० पॉइंट, म्हणजे राहण्याचा हक्क ज्यात मोजतात ते. थेट घेतले तर पॉइंटला दोनशे डॉलरच्या आसपास, रिसेलला, म्हणजे आधीच्या मालकाकडून, शंभराच्या. फरक पंधरा हजारांचा. "आणि मेंटेनन्स?" मी विचारलं. तो दोघांनाही सारखाच, पॉइंटला आठेक डॉलर, म्हणजे वर्षाला बाराशे. स्वस्तात घेतला म्हणून तो कमी होत नाही, आणि दरवर्षी वाढतो. त्या आकड्याभोवती तुम्ही दोनदा गोल केलात.

माझी उडी डिस्नेच्याच बोर्डवॉक रिसॉर्टच्या एका स्वस्त जाहिरातीवर होती. तुम्ही म्हणालात, "तो करार २०४२ला संपतो. तेव्हा सई किती वर्षांची असेल?" स्वस्ताईचं गुपित तेवढंच होतं, साराटोगाचा २०५४पर्यंत चालतो. दुसऱ्या जाहिरातीत त्या वर्षीचे पॉइंट मालकाने आधीच वापरून टाकले होते, तेही तुमच्याच नजरेला पडलं. मी फक्त किंमत बघत होतो.

रिसेलची उणी बाजूही तुम्हीच सांगितलीत, नाहीतर नंतर मी हळहळलो असतो. १९ जानेवारी २०१९नंतर रिसेलने घेतलेल्या जुन्या रिसॉर्टच्या पॉइंटवर रिव्हिएरा या डिस्नेच्या नव्या रिसॉर्टमध्ये राहता येत नाही, कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँड हॉटेलच्या नव्या व्हिलांमध्येही नाही. सभासदांच्या सवलतीही नाहीत. "तिथे राहायची हौस असेल तर खुशाल थेट घ्या, मी तेवढ्यासाठीच ठेवलाय. पण कर्ज काढून सुट्टी नको." आम्हाला त्या जागांची हौस नव्हती. पैसे साठवले आणि रोखीने घेतलं.

मधला महिना मात्र जीव खाणारा होता. सौदा ठरला तरी त्याच भावाने तो स्वतः घ्यायचा पहिला हक्क कंपनीचा असतो, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत नुसती वाट बघायची. मी रोज तुम्हाला मेसेज करत होतो. तुम्ही रोज तेच अंगठ्याचं चित्र पाठवत होतात. (एकदा चुकून दोन पाठवलेत, तर मला वाटलं झालं काम!)

आता मुद्द्याचं. आई मार्चमध्ये येतेय. साराटोगा आम्ही घेतलेलं, म्हणून ते अकरा महिने आधी बुक करता येतं, पण तिला पाण्याकाठी फिरता येईल असं बोर्डवॉकच हवंय, आणि ते आम्हाला सात महिने आधीच उघडतं. म्हणजे ऑगस्टमध्ये सकाळी उठून बसायचं. दोन बेडरूमचं बघतोय, दुसरी खोली तुमची आणि दादांची. येताय की नाही ते जुलैअखेर कळवा.

तुमचा,
पोहे अर्धवट टाकून पोस्टाचा पत्ता शोधणारा भाऊजी