स्विचची योग्य जागा दाखवणाऱ्या सरांस

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेसाठी 1, 10 आणि 100 यांपैकी हवा तो गेन (इनपुटच्या किती पट आउटपुट, ते प्रमाण) निवडता येईल असा अ‍ॅम्प्लिफायर तयार करताना आपण जे मार्गदर्शन केलेत, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानावेत आणि त्या निमित्ताने हे काम हाती घेणाऱ्या इतरांनाही त्याचा उपयोग व्हावा, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

निरनिराळ्या रोधांचे रेझिस्टर घ्यायचे आणि प्रत्येकाच्या वाटेत एक अ‍ॅनालॉग स्विच (विद्युत संकेताने चालू-बंद होणारा) बसवायचा, हा सर्वसाधारण प्रघात आहे. परंतु सीडी4051 या आयसीमधला स्विच ±5 व्होल्टवर चालू असताना स्वतःच साधारण 180 ओहम रोध दाखवतो. तो इनपुटच्या 1 किलोओहम रेझिस्टरशी एकसरीत आला, की 100 च्या जागी गेन जेमतेम 85 भरतो आणि तापमानाप्रमाणे बदलतही राहतो. आपण आमच्या आकृतीवर पेन्सिलीने आउटपुटपासून ग्राउंडपर्यंत 9 किलोओहम, 900 ओहम आणि 100 ओहम अशी एकच साखळी काढलीत आणि स्विच ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या मुख्य आयसीच्या) इन्व्हर्टिंग, म्हणजे उणे चिन्हाच्या, इनपुटकडे नेलात. साखळीच्या माथ्याशी जोडले की गेन 1, पहिल्या सांध्याशी 10, दुसऱ्याशी 100. त्या इनपुटातून प्रवाह जातो तो काही नॅनोअ‍ॅम्पिअर, त्यामुळे स्विचवर एक मायक्रोव्होल्टही पडत नाही आणि गेन केवळ रेझिस्टरवर ठरतो.

टीएल072 या ऑप-अँपऐवजी ओपी07 वापरण्याचा आपला आग्रहही तितकाच मोलाचा ठरला. आम्हाला ज्याचा सिग्नल वाढवायचा, ते के-प्रकारचे थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमापक) दर अंश सेल्सिअसला सुमारे 41 मायक्रोव्होल्ट देते. टीएल072 चा ऑफसेट (इनपुटवरची मुळातली व्होल्टेजची चूक) साधारणतः 3 मिलिव्होल्ट, म्हणजे सत्तर अंशांहून अधिक चूक. ओपी07 मध्ये ती दीड अंशाच्या आसपास राहते.

मात्र माझ्या मते आपली सर्वांत महत्त्वाची सूचना त्या 10 मेगाओहमच्या रेझिस्टरची होती. सीडी4051 आधी जुना सांधा सोडतो आणि मगच नवा धरतो. तेवढ्या क्षणात फीडबॅक, म्हणजे आउटपुट इनपुटकडे परत नेणारी वाट, तुटतो आणि आउटपुट थेट सप्लायच्या टोकाला जाऊन आदळते. आउटपुट आणि इन्व्हर्टिंग इनपुट यांच्यामध्ये हा रेझिस्टर कायमचा जोडल्याने फीडबॅक कधीच पूर्ण तुटत नाही. त्यापायी 100 च्या गेनमध्ये पडणारा फरक सुमारे 0.3 टक्के, म्हणजे आमच्या 1 टक्क्याच्या रेझिस्टरांच्या मर्यादेतलाच. ऑसिलोस्कोपवर गेन बदलताना आता ती उडी दिसत नाही, हे पाहून विद्यार्थ्यांना झालेला आनंद आपल्यापर्यंत पोहोचवणे मला आवश्यक वाटते.

थर्मोकपलच्या थंड सांध्याची (मोजायच्या जागेपासून दूरच्या टोकाच्या तापमानाची) भरपाई करणारा भाग अजून जोडायचा आहे. त्याची आकृती तयार झाली, की ती आपल्याकडेच तपासणीसाठी पाठवीन. आपण पेन्सिल जवळ ठेवावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
प्रयोगशाळेतील एक शिक्षक