विषय : नव्या अल्बमची बी साइड, चुकीच्या जागी पडलेलं भोक आणि तुमचा आजचा फोन

आत्ता पाच मिनिटांपूर्वी तुमच्या कस्टमर केअरने माझं वाक्य अर्धवट असतानाच फोन ठेवला. "मॅडम, तुमची तक्रार क्लोज करतोय," एवढंच सांगितलं. हा सहावा फोन होता. आता त्यांच्याशी बोलायचं नाहीये, म्हणून थेट मॅनेजमेंटला लिहितेय. रेकॉर्ड तुम्हीच काढता, तुम्हीच विकता, तेव्हा स्टॅम्पर, म्हणजे रेकॉर्डवर खाचा उठवणारा धातूचा साचा, काय असतो आणि भोक मधोमध का लागतं हे तुम्हाला शिकवायची वेळ माझ्यावर येऊ नये.

चार महिने आधी प्रीऑर्डर केली होती, सगळे पैसे आधी भरून. रेकॉर्ड आली, ए साइड लावली, पाचही गाणी सुंदर, ड्रम्स तर समोर बसून कोणी वाजवतंय इतके मोकळे. मग उलटली. बी साइडचं पहिलं गाणं गोंगाटाचं आहे त्यामुळे आधी कळलं नाही, पण तिसऱ्या गाण्यापासून पोटात कसंतरी व्हायला लागलं कारण सूर हलत होता, वर जातो, खाली येतो, परत वर. वाकून बघितलं तर टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, प्रत्येक फेऱ्याला डावीकडे उजवीकडे झोके घेतोय. मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद, आणि सूर बरोब्बर तेवढ्याच वेळाने डुलतोय. स्टॉपवॉच लावून बघितलंय मी. बी साइडच्या खाचांचा मध्य आणि भोकाचा मध्य एक नाहीये, बाकी काही नाही.

आणि हे आत आत जाताना वाढत जातं हे तुम्हाला माहीत असणारच. सरकलेलं अंतर तेवढंच राहतं पण वर्तुळ लहान होत जातं. नुसतं एक मिलिमीटर सरकलं असेल तर बाहेरच्या कडेला कान कदाचित सोडून देईल, पण साडेसहा सेंटीमीटर त्रिज्येवर सूर दीड टक्का वर आणि दीड टक्का खाली जातो. अर्धा सूर, म्हणजे पियानोच्या लागून असलेल्या दोन पट्ट्यांमधला फरक, सुमारे सहा टक्क्यांचा असतो, म्हणजे त्याचा चौथा हिस्सा वर, चौथा हिस्सा खाली, सतत.

आता त्या जागी बँडने काय ठेवलंय ते बघा. शेवटचं गाणं. गिटार नाही, ड्रम्स नाहीत, फक्त पियानो आणि गायिकेचा आवाज, आणि अगदी शेवटी एकच पट्टी दाबून ठेवलीये आणि ती विझेपर्यंत कोणी काही वाजवत नाही. डाउनलोडमध्ये ऐकलं की श्वास रोखला जातो. तुमच्या रेकॉर्डवर तो एकटा सूर झोकांड्या खात खात संपतो. सगळ्यात शांत गाणं शेवटी ठेवायला कारण आहे, बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर खाच जाते आणि आतल्या टोकाला जेमतेम २१, तिथे कर्कश गोंगाट फाटतो म्हणून हळू गाणी आत ठेवायची पद्धत आहे. म्हणजे त्या पोरांनी रेकॉर्डचा विचार करून गाण्यांचा क्रम लावला असणार. आणि तुम्ही नेमकं तेच गाणं घालवलंत.

बदली कॉपी मागवली. आधी पहिली परत पाठवा म्हणाले, पाठवली, तीन आठवडे थांबले. दुसरी आली, ए साइड ठीक, बी साइड हलते. तेच. शेवटच्या खाचेजवळ कोरलेला नंबर पहिल्या कॉपीच्या फोटोशी ताडून बघितला, तोही तोच. दोन वेगवेगळ्या कॉपी, दोन्हीत एकच बाजू बिघडलेली, याचा अर्थ बी साइडचा स्टॅम्परच मध्यात बसलेला नाही आणि त्यातून निघालेली प्रत्येक रेकॉर्ड अशीच असणार. टेस्ट प्रेसिंग, म्हणजे आधी काढून बघतात ती नमुना रेकॉर्ड, ठीक आलं असेल आणि नंतर स्टॅम्पर बदलताना चुकलं असेल, होतं असं, मी समजू शकते. पण मग नंतरची एक तरी रेकॉर्ड कोणी शेवटपर्यंत ऐकायला नको होती का?

आता आजचा फोन. बी साइड हलतानाचे दोन व्हिडिओ पाठवून नऊ दिवस झाले होते, मी विचारलं बघितले का. "मॅडम, व्हिडिओ आमच्याकडे ओपन होत नाहीत." बरं, मग परत सगळं तोंडी सांगितलं, पियानोचा सूर हलतो म्हणून. तर तो म्हणतो, "मॅडम, हा इंडी रॉक आहे ना, यात असा आवाज मुद्दाम ठेवतात, लो-फाय म्हणतात त्याला." मी म्हटलं अहो, डाउनलोडमध्ये तोच पियानो सरळ आहे, बँडला हलवायचा असता तर तिथेही हलला असता. यावर उत्तर काय, "मग तुम्ही डाउनलोडच ऐका ना." मी दोन सेकंद गप्पच झाले. मग म्हणे टर्नटेबल सपाट जागेवर आहे का. ए साइड त्याच टर्नटेबलवर, त्याच जागेवर, त्याच सुईने नीट वाजते हे मी पहिल्या फोनपासून सांगतेय, सहाव्यांदा सांगितलं. होल्डवर टाकलं अकरा मिनिटं. परत येऊन म्हणाला, "इतर कोणाची तक्रार नाही, आणि आवाज आवडणं न आवडणं पर्सनल असतं, तुमची तक्रार क्लोज करतोय."

पर्सनल? आवडनिवडीचा प्रश्नच कुठे आला? बी साइडच्या खाचांच्या हिशोबाने भोक चुकीच्या जागी आहे, पट्टी लावून मोजा. आणि बँडच्या नावावर खपवायचं, की त्यांनीच मुद्दाम बेसूर केलंय? ज्यांनी तो एक सूर विझेपर्यंत हात उचलला नाही त्यांच्याबद्दल तुमचा माणूस असं बोलतो, याचा मला रेकॉर्डपेक्षा जास्त राग आलाय.

या बँडची पहिली रेकॉर्डही तुमच्याकडूनच घेतली होती. तेव्हा पाकिटात कोणीतरी हाताने लिहिलेली चिठ्ठी होती, आधी बी साइड ऐका म्हणून. तेव्हा तुमच्याकडे रेकॉर्ड ऐकणारी माणसं होती. ती गेली कुठे?

दोन्ही व्हिडिओ परत जोडतेय, साध्या फॉरमॅटमध्ये. मला दुसऱ्या स्टॅम्परची कॉपी द्या, ती नसेल तर पूर्ण पैसे परत करा, डिस्काउंट कूपन नको. आणि या नंबरच्या उरलेल्या रेकॉर्ड विकणं थांबवा, पुढच्या माणसालाही हेच ऐकवू नका. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर बँकेत पेमेंटवर डिस्प्यूट टाकणार आहे आणि दोन्ही व्हिडिओ नंबरसकट बँडला पाठवणार आहे, त्यांचं गाणं तुम्ही काय करून विकताय हे त्यांना कळायलाच हवं.

परत फोन करायचाच असेल तर आधी बी साइड शेवटच्या सुरापर्यंत ऐकलेल्या माणसानेच करावा.