अलमट्टीचा आकडा नको, दर तासाची नोंद हवी: जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: कृष्णा खोऱ्यातील पूरकाळातील जलमाहितीची कर्नाटकाशी देवाणघेवाण

महोदय,

पावसाने जोर धरला की सांगली-कोल्हापुरात एकच चौकशी सुरू होते: कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती सोडलंय? ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेले, जुलै 2021 मध्ये कोल्हापूर पुन्हा बुडाले. दोन्ही वेळा भांडण अलमट्टीवरून झाले: तिथे अडवलेल्या पाण्याचा फुगवटा मागे येऊन इकडे पूर चढतो की नाही. पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीचा अहवाल आला, वाद होता तिथेच राहिला. जून 2021 मध्ये बेंगळुरूत दोन्ही राज्यांची मंत्रिस्तरीय बैठक झाली आणि तेव्हापासून अधिकाऱ्यांचे फोन, निरोप पूर्वीपेक्षा वेळेवर जातात, हे मान्य. पण सीमेपलीकडे जातात ते तयार आकडे. प्रत्यक्ष मोजलेले काय, ते ज्याच्या त्याच्या दप्तरात राहते.

'आवक', म्हणजे धरणात येणारे पाणी, हाच आकडा घ्या. धरणाची आवक कोणी मोजत नाही, ती हिशेबाने काढतात: बाहेर गेलेले पाणी अधिक साठ्यात झालेली वाढ. जलाशयाचा पसारा 200 चौरस किलोमीटर धरला, तर पातळीतला 1 सेंटिमीटर म्हणजे 20 लाख घनमीटर पाणी. पातळी मोजायची पट्टी वाचताना तेवढी चूक झाली, किंवा वाऱ्याने पाणी भिंतीकडे रेटले, तर तासाच्या हिशेबात आवक सुमारे 19,600 क्युसेकने (सेकंदाला घनफूट) चुकते. म्हणून एका तासाला आवक वाढलेली दिसते आणि पुढच्या तासाला कोसळते. नदीत तसे काहीच घडलेले नसते. मूळ पातळी हाती असेल तर तीन किंवा सहा तासांची सरासरी काढून हा गोंधळ निस्तरता येतो. नुसता 'आवक अमुक लाख' असा निरोप आला तर काहीच करता येत नाही.

विसर्गाचेही, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याचेही, तसेच. कोयना धरणाचे पाणी दोन दिशांना जाते. धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहाचे 2,100 क्युसेक आणि सांडव्याचे पाणी कराडकडे येते, पोफळीच्या वीजगृहाकडे वळवलेले पाणी मात्र वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते. 'एकूण विसर्ग' या एका रकान्यात दोन्ही मिसळले, तर खालच्या धरणाचा अंदाज चुकणारच. अलमट्टीच्या आकड्यात वीजगृहाचे पाणी धरले आहे की फक्त 26 दरवाजांचे, हेही दर वेळी विचारावे लागू नये. राधानगरी धरणाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथले सात स्वयंचलित दरवाजे कोणाच्या आदेशाची वाट पाहत नाहीत. पातळी गाठली की उघडतात आणि प्रत्येकातून 1,428 क्युसेक सुटते. आदेशच नसल्याने आदेशाची प्रतही कोणाला जात नाही. त्या दरवाजांवर उघड-मिटीची वेळ आपोआप नोंदवणारे साधन बसवणे हे फार खर्चाचे काम नाही.

आता मोजमापाची एकके. आयर्विनची धोका पातळी 45 फूट, ती पुलाच्या पट्टीच्या शून्यापासून. अलमट्टीची पूर्ण संचय पातळी 519.60 मीटर, ती समुद्रसपाटीपासून. पट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे हे शेजारी छापलेले नसेल, तर फुगवटा सांगलीपर्यंत येतो की नाही हा वाद घालण्यातही अर्थ नाही. त्यात फूट-इंच दशांशासारखे लिहिण्याची सवय. 43.10 लिहिले की माणूस 43 फूट 10 इंच वाचतो आणि संगणक 43.1 फूट. फरक जवळपास पाऊण फुटाचा. इशारा कधी द्यायचा, हे एवढ्या फरकानेही बदलू शकते.

सगळ्यात अवघड जागा नृसिंहवाडी, कृष्णा-पंचगंगेचा संगम. कृष्णा चढली की पंचगंगेला पुढे वाट मिळत नाही, पाणी तुंबते. अशा वेळी पातळीवरून प्रवाह सांगणारा तक्ता खोटा पडतो, कारण एकाच पातळीला कधी जास्त पाणी वाहत असते, कधी निम्मे. तिथे दोन ठिकाणची पातळी एकाच वेळी घेऊन पाण्याचा उतार काढावा लागतो. सीमेवरही हाच उपाय. अंकली, कुरुंदवाड, राजापूर बंधारा, कुडची, हिप्परगी आणि अलमट्टी या सहा ठिकाणांच्या एकाच तासाच्या पातळ्या एका कागदावर मांडल्या, की फुगवटा कुठपर्यंत आला ते दिसते. हिप्परगी बंधाऱ्याचे नाव तर वादात क्वचितच निघते, आणि राजापूरच्या खाली पहिला मोठा अडथळा तोच आहे.

म्हणून मागणी अशी. जून ते ऑक्टोबर दर तासाला, आणि इशारा पातळी ओलांडल्यावर दर 15 मिनिटांनी, दोन्ही राज्यांनी एकाच नमुन्यात नोंद खुली करावी: भारतीय प्रमाणवेळ, समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये पातळी, कोणता दरवाजा किती उघडा, सांडवा, वीजगृह आणि कालवा वेगवेगळे, आणि नोंद तपासलेली आहे की कच्ची. वेळेचा उल्लेख मुद्दाम केला, कारण उपग्रहावरून येणारी नोंद जागतिक वेळेत असली आणि कोणी बदलली नाही तर पूर साडेपाच तास आधीच येऊन गेलेला दिसतो. धरणांचे पातळी-साठा तक्ते आणि दरवाजांचे विसर्ग तक्ते तारखेसह द्यावेत. गाळामुळे तक्ते बदलतात. चूक दुरुस्त केली तर जुनी नोंद पुसू नये. पुढच्या 24 तासांत काय सोडण्याचा विचार आहे तेही कळवावे, मग तो बदलला तरी चालेल. मोबाइलचे मनोरे नेमके पुरातच बंद पडतात, म्हणून सीमेवरच्या केंद्रांना उपग्रहाची जोड आणि पट्टी वाचणारा माणूस, दोन्ही हवेत.

गोपनीयतेची सबब इथे लागू होत नाही. केंद्राच्या 2018च्या जलमाहिती धोरणात गोपनीयतेची अट सिंधू आणि गंगा-ब्रह्मपुत्रा खोऱ्यांसाठी आहे, कृष्णेसाठी नाही. चीनशी झालेल्या करारात ब्रह्मपुत्रेवरील तीन केंद्रांची माहिती पावसाळ्यात दिवसातून दोनदा मिळण्याची सोय होती, आणि 2017 मध्ये तीही आली नाही. परक्या देशाशी व्यवहार तसा असेल. इचलकरंजी आणि चिक्कोडी तर एकाच देशात आहेत.

कर्नाटक काय देते याची वाट पाहू नये. जलविज्ञान प्रकल्पातून कृष्णा-भीमा खोऱ्यात आपल्याकडे स्वयंचलित केंद्रांचे जाळे उभे आहे. कोयना, वारणा, राधानगरी आणि काळम्मावाडीच्या नोंदी वरील नमुन्यात आधी आपण खुल्या कराव्यात. नंतर समोरच्याकडे मागताना आपली बाजू भक्कम राहते.

सुरुवात मे महिन्यात, नदी खाली असताना करता येईल. दोन्ही राज्यांच्या आणि केंद्रीय जल आयोगाच्या पथकांनी राजापूर ते हिप्परगी सर्व पट्ट्यांचे शून्य एकाच प्रमाण खुणेला (समुद्रसपाटीपासून उंची ठरलेल्या खुणेला) एकत्र जोडावेत आणि तिन्ही बाजूंनी त्या कागदावर सह्या कराव्यात.

आपले,
कृष्णा खोऱ्यातील जलमापन आणि पूरनियंत्रणाचे काम जाणणारे नागरिक

प्रत: मा. जलसंपदा मंत्री, कर्नाटक, मा. केंद्रीय जलशक्ती मंत्री